पाटावरची हत्यारं

गॅरेजवाल्याशी माझं वाजलं ते साखळीवरून. तीनदा घट्ट करून आणली, तीनदा सैल. पुन्हा गेलो तर म्हणतो, "साहेब, तुम्ही चालवता कशी तेही बघा की." घ्या! आता हा मला मोटरसायकल चालवायला शिकवणार. तिथल्या तिथं ठरवलं, यापुढे गाडीला फक्त आपला हात लागणार. मी मुळातच चिडका, आणि चिडलो की खरेदीला निघतो.

नाना पेठेत कादरभाईंच्या दुकानात जाऊन मोठी चकचकीत पेटीच मागितली. कादरभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घरची गाडी बघायचीय, का गॅरेज टाकताय?" मग काउंटरवर निवडानिवड झाली. नेहमी लागणारे रिंग पाने, ऍलन कीचा जुडगा, प्लगचा पाना, पक्कड, दोन बरे स्क्रू ड्रायव्हर, साखळीचं तेल आणि ब्रश. मागच्या चाकाच्या नटाला लांब दांड्याचा मोठा पाना मात्र मी स्वतः मागून घेतला. तो नट अंगाचा जोर लावून आवळावा लागतो, हे मला ठाऊक होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

खंडेनवमीच्या सकाळी धायरीतल्या आमच्या इमारतीखाली कामाला बसलो. नट सैल केला, चाक मागं ओढलं, साखळी अगदी हवी तशी ताणली. शेजारी शुभंकर उभा. हा माझा मेहुणा, लातूरचा. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हापासून आमच्याकडेच राहतो. पोरगा गुणी आहे, आणि खरं सांगायचं तर तेच मला खुपतं.

"दाजी, जमतंय ना? नाहीतर मी गॅरेजला टाकून येतो."

माझं डोकं सणकलं. तेवढ्यात पूर्णिमा ताट घेऊन खाली आली. "अहो, हत्यारं द्या. पूजा खोळंबलीय."

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू लावतात. एकदा फूल वाहिलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. चाकाचा नट मी नुकताच बोटांनी फिरवून बसवला होता, पान्यानं आवळायचा राहिला होता. "पाच मिनिटं थांब," एवढंच म्हणायचं होतं. पण शुभंकर बघत होता.

"झालं का काम?" पूर्णिमानं विचारलं.

"झालंय की! मला काय येत नाही वाटलं?"

सगळे पाने ताटात ठेवले. म्हटलं, उद्या पूजा झाली की आवळू. आज सुट्टी आहे, गाडी नेतंय कोण! वर पाटावर नवी कोरी हत्यारं मांडलेली पाहून मीच खुशीत हात जोडले. दिवसभरात नटाची आठवण दोनदा झाली. दोन्ही वेळा म्हटलं, बघू उद्या.

दसऱ्याला सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तर घर शांत, लेकीचा आवाज नाही. "मैत्री कुठाय?"

"मामाबरोबर फाट्यावर गेलीय. झेंडू कमी पडला ना."

"कशानं गेले?"

"कशानं म्हणजे? गाडीनं. कालच तर नीट केलीत तुम्ही."

शुभंकरला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. पुन्हा लावला. पूर्णिमा तोरण ओवता ओवता म्हणाली, "चालवताना कसा उचलेल तो? काय झालंय तुम्हाला?"

"काही नाही. गर्दी असेल आज." तेव्हासुद्धा माझ्या तोंडून खरं निघालं नाही. काय म्हणावं या माणसाला! नऊ वर्षांची पोर त्या चाकावर बसून गेलीय आणि मी बायकोसमोर अब्रू सांभाळतोय. बनियनवरच जिना उतरलो आणि फाट्याकडे पळत सुटलो. देवा, पडायचंच असेल तर हळू पडू दे, एवढंच म्हणत होतो.

वाटेत ते समोरून येताना दिसले. शुभंकर गाडी ढकलत होता, त्याचं कोपर सोलवटलेलं. मैत्रीच्या गुडघ्यातून रक्त, फ्रॉक फाटलेला, हातात झेंडूची पिशवी घट्ट. मला बघून तिनं भोकाड पसरलं. मी तिला छातीशी धरलं, तर मलाच रडू फुटलं.

"दाजी, चुकलं माझं," शुभंकर म्हणाला. "खड्डा दिसला नाही. साखळी निसटली, चाक अडकलं, आडवे झालो. मागून बस येत होती. ड्रायव्हरनं दाबला ब्रेक, म्हणून..."

घरी पूर्णिमानं त्याला फाडून खाल्लं. "लेकरू मागं बसलंय याचं भान नको?" तो मान खाली घालून ऐकत होता.

"त्याची चूक नाही," मी म्हटलं. "चाकाचा नट मीच सैल ठेवला होता."

"पुरे! त्याला पाठीशी घालू नका."

शुभंकरचे डोळे भरून आले. "दाजी, माझ्यासाठी एवढं खोटं नका बोलू."

आणि पूर्णिमा माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होती! गप्प बसलो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. मनात आलंही तसं, ते तुमच्यापासून कशाला लपवू? पण त्या पोराची खाली गेलेली मान बघवेना.

पूर्णिमाला म्हटलं, "खाली चल." मैत्रीही माझं बोट धरून लंगडत आली. मी गाडीपाशी बसलो आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तो नट फिरवला. गरागरा फिरला.

पूर्णिमा माझ्याकडे वळली. "काल विचारलं होतं मी तुम्हाला."

"हो."

"थांबले असते की."

ती खाली वाकली, मैत्रीच्या मुठीतून माझं बोट सोडवलं, आणि तिला कडेवर घेऊन जिना चढून गेली.