खंडेनवमीची शिडी

दसरा माझ्या लक्षात होता. त्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमी मात्र साफ विसरले, आणि तिथेच घोडं अडलं.

सिंगापूरमध्ये, बुकित बातोकला, आमचं लोखंडकामाचं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे माझंच. नवरा चीफ इंजिनिअर, कायम बोटीवर. जहाजाची शिडी आज संध्याकाळी देते, असं मी मिस्टर गोहना छातीठोकपणे सांगितलं होतं. गोह म्हणजे हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीचे मॅनेजर, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते तुटलं तर वर्कशॉपला कुलूपच.

सकाळी येऊन बघते तर काय! वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, हातोडे, सगळे गंध लावून, झेंडूच्या माळा घालून ओळीने बसलेले. शिडी अर्धवट, आणि आमचे तमिळ कामगार कडक इस्त्रीच्या लुंग्यांमध्ये.

"सेल्वम, हा काय तमाशा?" मी फोरमनवर ओरडले.

"आयुधपूजा, मॅडम," तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "आज हत्याराला हात नाही. उद्या पहाटे सुरू."

"डबल पगार देते!"

त्याने मान हलवली. "आमच्या गावी, डोंगराखालच्या खोऱ्यात, माझे आजोबा जमीनदाराच्या भट्टीवर वेठीला होते. मार खायचे. पण ह्या एका दिवशी जमीनदारसुद्धा 'हातोडा उचल' म्हणायचा नाही. मी तर पगारी माणूस. मी कसा उचलू?"

कपाळ माझं! माझ्या माहेरीसुद्धा ह्या दिवशी बाबा स्क्रू ड्रायव्हरला हात लावू द्यायचे नाहीत. तरी राग काही उतरेना. गोहशी बोलावं म्हणून मी फोन काढला, तर सेल्वमने तो अलगद माझ्या हातातून घेतला, गंध लावलं, फूल वाहिलं आणि ग्राइंडरशेजारी मांडला.

"तुमचं हत्यार हेच ना, मॅडम? ह्याच्यावरूनच तर आम्हाला पळवता."

सगळे खो खो हसले. मेले! मलाही हसू फुटलं, तेवढ्यात फोन वाजला. गोह. हसणं बंद झालं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. उचलला असता तर "हो हो, आजच देते" हे माझ्या तोंडून निघालंच असतं. मी मला चांगली ओळखते. मग ह्यांना माळा उतरवायला लावल्या असत्या. हात मांडीखाली दाबून मी तशीच बसले. फोन वाजून वाजून थांबला.

थोड्या वेळाने गोह स्वतः हजर, लालबुंद.

"शिडी कुठाय? फोन का उचलत नाही? इथला बॉस कोण?"

"आज कुणीच नाही," मी म्हटलं. "तुमची बोट उद्या रात्री सुटते. दुपारच्या आत शिडी पोचवते. चालत नसेल तर ऑर्डर काढून घ्या, पण आज मी ह्यांना काम सांगणार नाही."

ते कडाडणार, तोच सेल्वमने त्यांच्या हातात खोबरं पेरलेल्या चण्यांची वाटी दिली. गोह खुर्चीत बसले, रागारागाने चावू लागले आणि वाटी संपवून म्हणाले, "दुपार म्हणजे दुपार!"

हुश्श!

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाव बघून एवढा मोठा माणूस खुर्चीत ताठ झाला.

"माझा बॉस," ते हळूच म्हणाले.

फोन वाजतच राहिला. त्यांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा ग्राइंडरशेजारच्या माझ्या गंध लावलेल्या फोनकडे, आणि आपला फोन सेल्वमपुढे धरला.

"ह्यालाही टिळा लाव रे. चांगला मोठा."