डाव्या पायात कोण आलं?

बायको पुष्पाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा उकंडराव अमडापूरच्या बाजारात प्रेमानंद मोच्यासमोर बसून तिचीच चप्पल शिवून घेत होते. उजव्या चपलेचा अंगठा शिवून झाला होता, डाव्याचा राहिला होता. जोड तशीच पिशवीत टाकून ते दवाखान्याकडे धावले.

पुढं उन्हाळाभर ती जोड खुंटीवर वाळली आणि पापडासारखी कडक झाली.

अशात मारुतीच्या पारावर मऊनाथ महाराज येऊन बसले. मेलेल्या माणसांच्या चपला, पट्टे, पाकिटं घेऊन गावानं रांग लावली. महाराज सांगत, "जीव अडकला की चामडं आखडते. कडक चप्पल म्हंजे कडक आत्मा." रात्रभर वस्तू लाल फडक्यात राही, सकाळी पोळीसारखी दुमडे. बाया रडता रडता हसू लागत. गोविंदा तर सासऱ्याच्या पट्ट्याची गुंडाळी करून गावभर फिरला. "जिवंतपणी कोणापुढं वाकला नाही बुढा, आता पाहा."

उकंडरावांनीही जोड दिली. सकाळी वाकवून पाहिली, तर वाकली. त्यांचे डोळे भरून आले.

"बाई येऊन गेली," महाराज म्हणाले. "आता जोड मठात ठेवा. घरी नेली तं बिचारी पुन्हा भटकन."

त्या तळव्यांवर पुष्पाबाईच्या बोटांचे खळगे होते. तिच्या पायाची तेवढीच खूण घरात उरली होती. तरी उकंडराव द्यायला तयार झाले. ती भटकायला नको.

त्यांची मुलगी वंदना शाळेत विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "आबा, चिखलीले डोळे दाखवून या. मंग ठेवजा."

ते जोड पिशवीत घेऊनच गेले, भाच्याकडं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी वांगी घेऊन परतले. पारावर ही गर्दी. महाराजांच्या हातात उकंडरावांचाच जुना जोडा होता, उजव्या पायाचा. कालपर्यंत लाकूड होता, आता मऊ लुसलुशीत.

"परवा तं उकंडराव इथं उभे होते," महाराज गळा काढून सांगत होते. "बाईनंच बोलावून नेलं. रात्री दोघंही आले. म्हणाले, आता आमाले कायची चिंता नाही."

उकंडरावांच्या हातून पिशवी सुटली. "मी तं भाच्याकडं झोपलो होतो ना बे."

गर्दी वळली. एका म्हातारीनं त्यांना चिमटा काढून खात्री करून घेतली.

महाराज गर्दीतल्या मुबीनाकडं, उकंडरावांच्या शेजारणीकडं वळले. "जोडा देतानी तूच सांगितलं ना, उकंडराव गेले?"

"हाव, सांगितलं. सकाळच्या गाडीनं गेले, चिखलीले. कुठं गेले ते तुमी इचारलंच नाही."

सारा पार हसून लोळायला लागला. वंदनानं पदराखालून डाव्या पायाचा जोडा काढला. तोही तितकाच मऊ होता.

"महाराज, उजव्या पायात आबा आले. मंग डाव्या पायात कोण आलं?"

महाराज फडकं आवरू लागले.

"उजवा मीच मुबीनाच्या हाती पाठवला, अन् हा घरीच केला," ती लोकांना म्हणाली. "ओलसर फडक्यात गुंडाळला, मंग कोमट एरंडेल चोळलं. चामड्यातलं तेल आटलं की ते आखडते. तेल देल्लं की सुटते. घ्या, वास घ्या."

जोडा हातोहात फिरला. गोविंदानं पट्टा हुंगून तोंड वाकडं केलं. उकंडरावांनी वांग्यांतून पुष्पाबाईची जोड उचलून नाकाशी नेली. तोच वास. हेच एरंडेल पाजताना ती पोरांची नाकं दाबायची, आणि एकदा तिनं त्यांचंही दाबलं होतं. ती गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना हसू फुटलं, ते थांबेचना.

महाराज संध्याकाळच्या गाडीनं गेले. कुठं, ते कोणी विचारलं नाही.

तुमच्याही घरी गेलेल्या माणसाची चप्पल असेल. कडक झाली तर तेल लावा. त्या माणसाचा जीव तिच्यात नसतो. आणि जो कोणी आहे म्हणेल, त्याला दुसरा पाय दाखवा.

पुष्पाबाईची जोड पुन्हा खुंटीवर आहे. डाव्या चपलेचा अंगठा अजून शिवायचा राहिला आहे.