शनिवारचा लाकूडतोड्यांचा खेळ

माझे बाबा आणि माझा मामा बत्तीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आमच्या गावात हे कुणाला सांगावं लागत नसे. गावात दुकान एकच. बाबा पाव घ्यायला आत गेलेले असले की क्लेममामा बाहेर हवामानाची पाटी वाचत उभा राही आणि ते निघून गेल्यावरच आत जाई. पबमध्ये तर वारच वाटून घेतले होते. मंगळवार-शुक्रवार बाबांचे, बुधवार-शनिवार मामाचे.

मार्चमध्ये हॉबर्टहून इमोजेन आली, तेव्हा हे तिला माहीत नव्हतं. ही तिशीची मुलगी दोन वर्षं टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावर घरोघर हिंडून जुने फोटो गोळा करत होती. वर नदीत वल्हवत जाऊन ह्युऑन पाइनची झाडं तोडणारे, ओंडक्यांच्या टोकाला आपला शिक्का ठोकून ते खाली वाहून नेणाऱ्या पुराची वाट बघत बसणारे जे लोक, त्यांचे फोटो. काही म्हाताऱ्यांचे आवाजही तिनं टेपवर घेतले होते. त्यातले बरेच आता नाहीत. गावच्या हॉलमध्ये तिला या सगळ्याचा खेळ करायचा होता. मागे मोठा पडदा, चार कोपऱ्यांत नदीचा आवाज, आणि स्टेजवर जिवंत माणसं. पोस्टातली वायडा अकॉर्डियन वाजवणार, मी जुनी पत्रं वाचणार, आणि मधोमध खऱ्या ओंडक्यावर दोन माणसांची खरी करवत चालणार.

मी तिला विचारलं, करवतीचा आवाज टेपवर आहे ना, मग एवढा खटाटोप कशाला?

"टेपला वास नसतो," ती म्हणाली.

ओंडका लाकडाच्या गिरणीवाल्यांनी दिला. किनाऱ्याला लागलेलं जुनं लाकूड होतं, घोड्याच्या पोटाएवढं जाड. करवत चालवायला सामन मासे पाळणाऱ्या कंपनीतले दोन तगडे जवान आले, ब्रोडी आणि त्याचा मित्र. पहिल्याच तालमीला करवत अर्ध्यात अडकली आणि पात्याला बाक आला. दोघांनी एकमेकांना शिव्या घातल्या.

बाबा मागच्या बाकावर बसले होते. माझ्याकडेच राहतात, म्हणून मी त्यांना बरोबर आणलं होतं. पंच्याऐंशीचे आहेत. ते काठी टेकत पुढे आले, पात्याच्या दातांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हिला धार कुणी लावलीय? पाव कापायच्या सुरीवाल्यानं?" मग त्या पोरांना म्हणाले, "तुम्ही दोघंही ढकलताय. करवत ओढायची असते. आपली पाळी झाली की हात सैल सोडायचा. पुढचं दुसऱ्याचं काम, तो ओढतो."

त्यांनी करवत घरी आणली आणि तीन दिवस आमच्या ओट्यावर बसून कानस मारली. चौथ्या दिवशी इमोजेन त्यांना विचारायला आली, की खेळात तुम्हीच का नाही उभे राहत.

बाबा म्हणाले, एका टोकाला उभा राहीन. दुसऱ्या टोकाला कोण?

त्यांच्याबरोबर तसल्या करवतीवर नऊ वर्षं उभा राहिलेला एकच माणूस हयात होता, क्लेममामा.

त्यांचं भांडण धरणावरून झालेलं. आमच्या नदीवर धरण बांधायचं घाटत होतं, तेव्हा अख्खं गाव मधोमध चिरलं गेलं. बाबा धरणाच्या बाजूचे. माझा धाकटा भाऊ रोलंड बावीस वर्षांचा होता आणि धरण झालं असतं तर त्याला इथंच काम मिळणार होतं. मामा दुसऱ्या बाजूचा. धरण अडवायला बाहेरून आलेल्या लोकांना तो आपल्या बोटीतून वर नदीत नेऊन सोडत असे. शेवटी धरण झालं नाही. रोलंड समुद्रापलीकडे, मुख्य भूमीच्या पार पश्चिमेला लोखंडाच्या खाणीत गेला आणि तिकडचाच झाला. बाबांनी मामाचं नाव टाकलं. आई दोघांत पिचत राहिली, आणि सोळा वर्षांपूर्वी गेली.

मी मामाकडे गेले. खाडीच्या पलीकडे बोटीच्या शेडमध्ये तो राहतो. बोटीचा तळ खरवडत होता. मी सगळं सांगेपर्यंत हात थांबवला नाही.

"अ‍ॅथॉलनं पाठवलं तुला?"

"नाही मामा. बाबांना माहीतही नाही."

त्यानं थोडा वेळ खरवडलं. मग म्हणाला, "येतो. पण मी लगेच हो म्हटलं, असं त्याला सांगू नकोस. दोन दिवस लावले म्हणावं."

तालमीला तो आला तेव्हा बाबा ओंडक्याच्या एका बाजूला आधीच उभे होते. रामराम नाही, मान हलवणं नाही. मामानं कोट काढून खुर्चीवर टाकला, मूठ धरली, आणि करवत चालू लागली. मी लहान असताना हे बघितलं असेल, पण आठवत नव्हतं. हात म्हणावेत तर फार जोरात हलत नव्हते. एक लांब सूर इकडून तिकडे जात होता आणि दोन्ही बाजूंनी पिवळा भुसा धारेसारखा गळत होता. दम लागला तेव्हा दोघं एकाच वेळी थांबले, कुणी काही न म्हणता. तोवर हॉलभर वास पसरला होता, गोड, तिखटसर, आमच्या लहानपणीच्या, याच लाकडाच्या प्रत्येक कपाटातला. वायडा वाजवायचं विसरून गेली होती.

पण बोलणं नाहीच. इमोजेननं पडद्यावर फोटो लावला, १९५३ चा, तंबूपुढे तिघं. खाली तिनं बाबांचं नाव, मामाचं नाव आणि तिसऱ्याला 'अनोळखी' असं लिहिलं होतं.

"अनोळखी कसला," बाबा तिला म्हणाले, "तो मॉस. आमचा स्वयंपाकी. चहात मीठ घालायचा."

मामाही तिच्याकडेच बघत म्हणाला, "त्याला सांग, मॉस त्याआधीच्या हिवाळ्यात सोडून गेला. हा तो नव्हे."

"त्याला सांग, टोपी मॉसची आहे."

"टोपी मॉसची आहे. डोकं त्याचं नाही. टोपी तो जुगारात हरला होता, हे त्याला आठवत नाही का विचार."

इमोजेन बिचारी मान इकडून तिकडे फिरवत राहिली. शेवटी तिनं विचारलं, मग लिहू काय? दोघांनाही त्या माणसाचं नाव आठवेना. 'मॉसची टोपी घातलेला' असं लिहिलं, ते अजून तसंच आहे.

खरी अडचण पुढच्या आठवड्यात आली. खेळाच्या संहितेत नदीवरचे ओंडके संपले की थेट पर्यटकांच्या बोटी येत होत्या. मामानं विचारलं, मधलं कुठं गेलं? इमोजेननं खरं ते सांगितलं. गावातल्या तिघाचौघांनी तिला बजावलं होतं की धरणाचा विषय काढू नकोस, आता कुठं खपली धरलीय.

"ते नसेल तर मी नाही," मामा म्हणाला आणि कोट घालू लागला.

मला वाटलं, संपलं सगळं. बाबा ओंडक्याला टेकून उभे होते.

"तो म्हणतो ते बरोबर आहे," ते इमोजेनला म्हणाले. "घाल ते. पण तू लिहू नकोस. त्याचं त्यानं सांगावं, माझं मी सांगेन."

मेच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीनला पहिला खेळ झाला. हॉल भरला, भिंतीला टेकूनही लोक उभे होते. पडद्यावर माणसं हातरहाटाला दोर लावून नदीच्या खळाळत्या उतारावरून बोटी वर ओढत होती, मेलेल्या माणसांचे आवाज जळवांबद्दल आणि खारवलेल्या मांसाबद्दल तक्रार करत होते, आणि लोक हसत होते. मग करवत चालली. वास मागच्या रांगेपर्यंत पोचला तेव्हा म्हाताऱ्या बायका रुमाल काढू लागल्या.

ओंडक्याची कापलेली चकती खाली पडल्यावर दोघं ओंडक्यावर बसले. इमोजेननं पडदा कोरा केला. फक्त नदीचा आवाज ठेवला.

मामा आधी बोलला. म्हणाला, हजार-हजार वर्षांची झाडं मी या हातांनी तोडली, त्याची लाज नाही, पोट होतं. पण अख्खी नदीच पाण्याखाली घालायची म्हणाले, तेव्हा अडवायला आलेल्यांना मी बोटीत घेतलं. पबमध्ये लोक माझ्या अंगावर थुंकले. परत वेळ आली तर परत घेईन.

मग बाबा. "मला धरण हवं होतं," ते म्हणाले. "माझा पोरगा इथं राहिला असता. तो गेला. त्याला या माणसानं घालवलं नाही, कामानं घालवलं. पण दोष द्यायला कुणीतरी हाताशी लागतं. हा हाताशी होता." एवढंच ठरलं होतं. पण ते थांबले नाहीत. "माझी आयरीन गेली तेव्हा हा चर्चमध्ये अगदी मागे उभा होता. तिचा सख्खा भाऊ. मी त्याला पुढे बोलवायला हवं होतं. नाही बोलावलं."

कुणी टाळी वाजवली नाही. धरणाच्या बाजूचा एक जुना माणूस उठून बाहेर गेला. वायडानं सुरुवात करायची होती, तिची बोटं हलेनात. मामा समोर बघत होता. मग त्यानं मान वळवली आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा थेट बाबांशी बोलला.

"ऊठ आता. लाकूड ओलं आहे, पाठ धरेल तुझी."

छातीवरचा माईक चालू होता. सगळ्या हॉलनं ऐकलं आणि हॉल हसला. त्या हसण्यातच वायडाला सूर सापडला.

असे सहा शनिवार झाले. बाहेर गेलेला माणूस दुसऱ्या शनिवारी बायकोला घेऊन आला आणि पुढे बसला. पाचव्या खेळाला बाबांचा खांदा गेला, तेव्हा त्यांचं टोक ब्रोडीनं धरलं. मामानं त्याला सबंध खेळभर हळू आवाजात शिव्या दिल्या, आणि पोरगा ओढायला शिकला. दोघं म्हातारे लगेच गळ्यात गळे घालू लागले असं नाही. धरणाबद्दल बाबांचं मत आजही तेच आहे. पण मामा आता शुक्रवारी पबमध्ये येतो आणि बाबा सरकून जागा देतात.

खेळाचं चित्रीकरण मी रोलंडला पाठवलं. आठवडाभर काही कळवलं नाही त्यानं. मग फोन केला आणि बाबांना द्यायला सांगितला. काय बोलले मला माहीत नाही, मी मुद्दाम बाहेर कपडे वाळत घालायला गेले होते.

जुलैत तो पंधरा दिवस आला. मामानं आम्हा सगळ्यांना बोटीतून वर नेलं, जुन्या मुक्कामाची जागा दाखवायला. पाऊस पडत होता, पाणी चहाच्या रंगाचं होतं. बाबा म्हणाले, तंबू डाव्या काठावर होता. मामा म्हणाला, उजव्या. तासभर वाद चालला. रोलंडनं मुकाट्यानं सुकाणू हातात घेतलं आणि आधी डाव्या काठाला बोट लावली. तिथं आम्ही भिजत चहा प्यालो. मग उजव्या काठाला गेलो.