होई आनमध्ये राहिलेली वाटी

बॅगेत बेचाळीस दशम्या होत्या. वीस धपाटे होते, ते पहिल्या दोन दिवसांत संपवायचे. शेंगदाण्याची चटणी साडेसातशे ग्रॅम, कारळाची चारशे, लिंबाचं लोणचं अर्धा किलो, येसर अर्धा किलो, चिवडा सातशे साठ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे एक किलो आणि गूळ एक किलो. सगळं मिळून नऊ किलो तीनशे पन्नास ग्रॅम. माणसं दोन, दिवस सहा, देश व्हिएतनाम.

हे वजन हणमंतरावांनी स्वतः केलं होतं. लातूरच्या आडत बाजारात त्यांनी चौतीस वर्षं मापाडी म्हणून काढली. पोतं काट्यावर चढवायचं, बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन वजा करायचं आणि उरलेला आकडा मोठ्यानं सांगायचा. त्यांनी आकडा सांगितला की शेतकरी आणि आडत्या दोघंही पुढं काही बोलत नसत.

मुलगा बजरंग नांदेडला नोकरीला. गेल्या वर्षीच्या जानेवारीत त्यानं आईवडिलांना लातूरच्याच काही मंडळींबरोबर सहलीला धाडलं. हणमंतरावांची अट एकच होती. तिकडचं काही तोंडात घालणार नाही, आणि हिलाही घालू देणार नाही.

"मग जायचं तरी कशाला?" धोंडाबाई दशम्या थापता थापता म्हणाल्या होत्या.

"बघायला."

"बघायला तर टीव्ही हाय की घरी."

तिकडं दोघं खोलीत बसून दशमी खात. चहाच्या किटलीत पाणी उकळून हणमंतराव त्यात येसराचं भाजकं पीठ कालवत आणि त्याची आमटी झाली असं मानत. बाकीची मंडळी हॉटेलातून तोंड पुसत बाहेर आली की धोंडाबाई एकेकीला गाठायच्या. काय होतं? आंबट का गोड? तांदळाचं का कशाचं? उत्तरं ऐकून घ्यायच्या आणि संध्याकाळी दशमीबरोबर ती नवऱ्याला ऐकवायच्या.

चौथ्या दिवशी होई आन नावाच्या गावात, पिवळ्या भिंतींच्या गल्लीत, एक बाई कावड घेऊन बसली होती. कावडीच्या एका बाजूला झाकलेलं भांडं, दुसऱ्या बाजूला वाट्या, आणि पुढ्यात नमुन्याला ठेवलेलं मूठभर बी. बाई चपट्या पळीनं भांड्यातून पांढरं, थरथरतं काहीतरी अलगद खरवडायची, वाटीत सोडायची आणि वरून गुळाचा गरम पाक ओतायची. आल्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता.

धोंडाबाईंनी बी उचलून बोटांत फिरवलं.

"अवं! हे तर आपलं सोयाबीन!"

औशाजवळच्या त्यांच्या दोन एकरांत त्यांनी आयुष्यभर ते खुरपलं होतं. हणमंतरावांनी ते पोत्यांनी मोजलं होतं. दोघांनाही माहीत होतं की त्याचं तेल निघतं आणि पेंड कोंबड्यांना जाते. ते वाटीत घालून चमच्यानं खाताना त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं.

"एवढी खाऊन बगते," धोंडाबाई म्हणाल्या. "मांस न्हाई, मच्छी न्हाई. आपल्याच रानातलं हाय."

त्या बाईला भाषा कळली नसेल, पण गिऱ्हाईक कळलं. ती हसली आणि भरलेली वाटी पुढं केली. धोंडाबाईंचा हात निम्म्यापर्यंत गेला होता.

"चल," हणमंतराव म्हणाले. "बस निघाली."

बस निघाली नव्हती. ड्रायव्हर पाय पसरून झोपला होता. दोघं आपल्या जागेवर बसले आणि एकेक दशमी खाल्ली. बस हलली तेव्हा हणमंतरावांनी घड्याळ पाहिलं होतं. पंचवीस मिनिटं झाली होती. धोंडाबाईंच्या हातातही घड्याळ होतं.

घरी आल्यावर हणमंतराव पुष्कळ बोलले. सहा दिवस, बाहेरचा एक कण नाही. पाव्हण्यांना सांगितलं, बाजारात सांगितलं, दाढी करणाऱ्याला सांगितलं.

यंदाच्या जुलैत धोंडाबाईंच्या घशाखाली दशमी अडकायला लागली. ऑगस्टमध्ये आजाराचं नाव कळलं. अन्ननलिकेचा कॅन्सर. पंचवीस वेळा किरणांचा शेक देऊन झाला. दिवाळीनंतर पातळाशिवाय काही उतरेना. डॉक्टरांनी येत्या सोमवारी पोटातून नळी घालायचं ठरवलं. "तोंडानं घेण्याचं त्यानंतर बघू," असं ते म्हणाले. 'बघू' या शब्दाचा अर्थ हणमंतरावांना कळला.

त्याच्या आधीच्या मंगळवारी ग्यानोबा भेटायला आला. ग्यानोबा बाजारातला जुना हमाल, हणमंतरावांना तात्या म्हणणारा. आजारी माणसापुढं काय बोलावं हे त्याला सुचेना, म्हणून त्यानं चांगलं तेच काढलं.

"वैनी, तुमचं लई कौतिक करतेत बगा तात्या. परदेशात जाऊन बी घरचंच खाल्लं म्हणं! आमची मंडळी परभणीला गेली तरी वडापावच्या गाड्यावर धरणं धरतीय."

हणमंतरावांनी सवयीनं तोंड उघडलं. "सहा दिवस, बाहेरचा एक..."

"वाटी ऱ्हायली," धोंडाबाई म्हणाल्या.

आवाज इतका बारीक होता की ग्यानोबाला वाटलं पाण्याची वाटी. तो उठून शोधायला लागला.

"ती न्हाई, ग्यानबा. त्या कावडवालीची. तेवढी ऱ्हायली."

आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

हणमंतरावांनी अंगणात जाऊन नातीला फोन लावला. बजरंगची मुलगी शिवांगी नांदेडला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती. आजोबांनी जन्मात तिला फोनवर इतकं लांब काही सांगितलं नव्हतं. कावड, चपटी पळी, थरथरतं पांढरं, आलं, गूळ. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "सोमवारच्या आत पायजे."

ती गुरुवारी एस.टी.नं आली. नांदेडमध्ये सोया पनीर करणाऱ्या एका बाईकडून तिनं सोयाबीनचं दूध घट्ट बसवायला खाण्याच्या दर्जाचा जिप्सम आणला होता, छोट्या डबीत पन्नास ग्रॅम. आल्याआल्या डॉक्टरांना भेटून विचारलं. गुळगुळीत असेल, कोमट असेल, उठून बसवून अगदी थोडं दिलं तर चालेल, असं ते म्हणाले.

"आबा, दोन किलो सोयाबीन आणा. पण पेरणीचं उरलेलं बियाणं नको, त्याला औषध लावलेलं असतं."

"मला शिकवायलीस?"

ते बाजारात गेले. नव्या मालाचे ढीग लागले होते. त्यांनी सात ढिगांतून एकेक दाणा घेतला, दाढेखाली फोडला आणि ओल बघितली. सातव्या ढिगातलं अर्धा किलो जास्त घेतलं, म्हणजे अडीच किलो, आणि घरी येऊन परातीत पसरून डागी दाणे वेचून काढले. चष्मा लावून दोन तास.

शुक्रवारचं फसलं. दूध घट्ट बसलं, पण रवाळ आणि जरा तुरट. शिवांगीनं जिप्सम निम्म्यावर आणला. शनिवारचं मऊ झालं, पण तोंडाजवळ नेताच कच्च्या शेंगेचा वास. धोंडाबाईंनी नाक वळवलं. "हा वास तर आपल्या रानाचा हाय. तिथं न्हवता."

"आजी, तू तर खाल्लंच नव्हतंस."

"वास तर घेतला की. त्याला कुणी अडीवलं न्हवतं."

हणमंतराव तिथंच उभे होते. ते परात धुवायला निघून गेले.

रविवारी शिवांगीनं दाणे उकळत्या पाण्यात टाकून मगच वाटले, दूध फडक्यातून दोनदा गाळलं आणि मोजून पंधरा मिनिटं उकळलं. फेस वर आला की हणमंतराव पातेलं उचलून धरत. जिप्सम लिटरला चार ग्रॅम, पाण्यात कालवून दुसऱ्या पातेल्याच्या तळाशी. मग वरून दूध ओतलं, झाकण ठेवलं आणि कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. वीस मिनिटांनी झाकण काढलं तेव्हा पातेलं जरा हलवताच आतलं सगळं एकदम थरथरलं.

"हे!" हणमंतराव म्हणाले. "हेच होतं."

त्यांनी चपट्या उलथन्यानं वाटीत खरवडून घातलं. वर आल्याचा पाक. मग वाटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. दोनशे बारा ग्रॅम.

धोंडाबाईंना दोघांनी उठून बसवलं, पाठीला दोन उशा लावल्या. गळ्याखाली कोरडा रुमाल. त्याचंही वजन हणमंतरावांनी आधी बघून ठेवलं होतं.

धोंडाबाईंनी वाटीत बघितलं. मग नवऱ्याकडं.

"बस तर न्हाई ना निघायली?"

"न्हाई," हणमंतराव म्हणाले. "उबी हाय. ड्रायव्हर झोपलाय. लई येळ हाय."

"मला ठावं होतं तवा बी."

"हाव."

त्यांनी पहिला चमचा दिला. धोंडाबाईंनी तो तोंडात तसाच धरून ठेवला, डोळे मिटून, बराच वेळ. गिळताना मान पुढं आली, पण उतरला.

"कसंय, आजी?"

"गरम हाय," त्या म्हणाल्या. मग थांबून, "आलं तिथं ज्यादा होतं. पर हेच."

दुसरा चमचा उतरायला चार मिनिटं लागली. तिसरा अर्धाच भरला होता. तो निम्मा गेला आणि ठसक्याबरोबर निम्मा रुमालावर परत आला. शिवांगीनं पाठ चोळली. धोंडाबाईंनी हातानंच पुरे म्हटलं आणि उशीवर डोकं टेकलं. थोड्या वेळानं जीभ ओठांवरून एकदा फिरवली.

हणमंतराव वाटी, चमचा आणि रुमाल घेऊन स्वयंपाकघरात गेले. चमचा वाटीच्या कडेला निथळून वाटी काट्यावर ठेवली. एकशे सत्त्याण्णव ग्रॅम. म्हणजे पंधरा कमी. रुमाल ठेवला. तो चार ग्रॅमनं वाढला होता. ते त्यांनी वजा केले.

अकरा ग्रॅम.