किसणीवर कुणाचा संशय गेला नाही

मी किसणी बोलतेय. आवाज जरा करकरीत आहे, तेव्हा सवय व्हायला दोन-चार वाक्यं जातील. स्टीलची, उभी, चार बाजूंची, वर धरायला कडी असलेली अशी मी आहे. एका बाजूला मोठी भोकं, एका बाजूला बारीक, तिसरीला काप पाडायची फट. चौथी बाजू कशासाठी आहे ते आजवर कुणी वापरून पाहिलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा आला, साच्याखाली गेला आणि एका दणक्यात मला सगळे दात आले. माणसांची पोरं एकेका दातापायी घर डोक्यावर घेतात हे पुढे पाहिलं, तेव्हा मला नवल वाटलं. मग पत्रा दुमडून त्याच्या कडा एकमेकींत अडकवल्या, वर कडी बसवली आणि मला खोक्यात भरलं.

पहिलं घर एका नवराबायकोचं. त्यांना मी भेट म्हणून आले होते. बाईंनी पहिल्याच दिवशी गाजराबरोबर बोटाचं सालही काढून घेतलं. नवरा म्हणाला, "लक्ष कुठे असतं तुझं?" त्यावरून दोघांचं दोन दिवस वाजलं आणि मी कपाटाच्या वरच्या फळीवर गेले. घर बदलताना त्यांनी नको असलेलं सामान गल्लीतल्या पाळणाघराला देऊन टाकलं. त्यात मी होते, एक झाकण हरवलेली किटली होती आणि सहा वेगवेगळ्या आकाराच्या वाट्या होत्या.

पाळणाघरात दोन ते पाच वर्षांची अठरा पोरं. मोठ्या बाई ते चालवतात आणि स्वयंपाकघर मावशींच्या ताब्यात. मावशी ठेंगण्या, कामाला वाघ, आणि नाकावर माशी बसू देत नाहीत. ओट्यावर कुणी ओला हात टेकला तरी त्यांना खपत नाही. मला त्यांनी पहिल्या दिवशी हातात घेतलं, उजेडाला धरलं आणि म्हणाल्या, "दात तर चांगले आहेत." माझं एवढं कौतुक पूर्वी कुणी केलं नव्हतं. तेव्हापासून मी रोज कामाला आहे.

काम ठरलेलं. मंगळवारी आणि गुरुवारी चीज किसायचं, कारण त्या दिवशी पोरांना चीज घातलेल्या टिक्क्या असतात. रोज गाजर, कधी बीट, कधी सफरचंद, कधी उकडलेला बटाटा. चीज मला आवडत नाही. गाजर सरळ पलीकडे जातं. चीज मात्र रेंगाळतं, दातांना चिकटतं, जोडाच्या फटीत जाऊन बसतं. पण आवडीनिवडी विचारायच्या त्या पोरांना, किसणीला नव्हे.

मग चिमणी आली. तीन वर्षांची, खाणं चिमणीएवढं, म्हणून ते नाव. तिला दूध चालत नव्हतं. दूध, दही, लोणी, चीज, काहीच नाही. चुकून थोडं पोटात गेलं तरी अंगावर गांधी उठायच्या. आई पहाटेच कामाला जायची. बाबा रंगारी होते, घरं रंगवायचे. पोरीला कडेवर घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"दोन ठिकाणी नाही म्हणाले," ते म्हणाले. "तुम्ही पण नाही म्हणालात तर मला काम सोडून घरी बसावं लागेल."

मावशींनी पोरीकडे पाहिलं. "खायला काय देऊ नये ते सांगितलंत. द्यायचं काय ते माझ्यावर सोडा."

आणि खरंच, मावशींनी त्या पोरीसाठी जे केलं ते मी जवळून पाहिलं आहे. तिचं पातेलं वेगळं, चमचा वेगळा, ताटली वेगळी, पुसायचा फडका निळा. पावाच्या आणि बिस्किटांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं त्या चष्मा लावून वाचायच्या. एका बिस्किटात दुधाची भुकटी निघाली तेव्हा दुकानदाराला असं काही सुनावलं की तो दुसऱ्या दिवसापासून आपणहून पाकीट उलटं करून दाखवू लागला.

पिकलेलं केळं कुस्करून त्यात ओट घालायचे आणि तव्यावर छोटी बिस्किटं भाजायची. रताळं उकडून त्याचे बोटाएवढे तुकडे. सफरचंद वाफवून त्याला तिळाचं वाटण. द्राक्षं नेहमी उभी चिरून, कारण अख्खं द्राक्ष लहान घशात अडकतं. मऊ शिजवलेले वाटाणे, ते चिमणी एकेक मोजून खायची आणि तिला मोजता यायचं चारपर्यंतच. आणि तिची सगळ्यात लाडकी म्हणजे गाजर-बटाट्याची टिक्की, बिनचीजची. दुसरी पोरं म्हणायची, "मला चिमणीचं हवं." दुधाशिवाय पोरांचं भागतं कसं, असं मोठ्या बाईंना वाटायचं. महिन्याभरात त्या स्वतःच उरलेली बिस्किटं तोंडात टाकताना सापडल्या.

सगळं वेगळं झालं होतं. एक मीच वेगळी झाले नव्हते. किसणीत कुणी शिजवत नाही, किसणीतून कुणी खात नाही, त्यामुळे माझा विचार कुणाच्या मनात आला नाही.

मावशींची कामाची रीत अशी. चीज सकाळी आधी किसून फ्रिजमध्ये ठेवून द्यायचं. मग मला नळाखाली धरायचं, दोनदा बेसिनवर आपटायचं. मग गाजरं. आणि गाजरांत पहिलं गाजर चिमणीचं. "हिचं आधी करून घेते," त्या म्हणायच्या, "म्हणजे पोरीच्या भांड्याला कशाचा हात लागायला नको." गाजर माझ्या दातांवरून फिरलं की दातांतलं सगळं ओढून घेतं. दुसऱ्या गाजराला मी स्वच्छ असायचे. पहिल्याला कधी असायचे, कधी नसायचे.

आता तुम्हाला कळलं. मला तेव्हाच कळलं होतं. पण मला तोंड नाही, नुसतेच दात आहेत.

पहिल्या वेळी चिमणीच्या तोंडाभोवती लाल ठिपके उठले. उकाड्याने असेल, असं ठरलं. दुसऱ्या वेळी ओठ सुजले. आता शोधाशोध झाली आणि संशय गेला गोट्यावर. गोट्या चार वर्षांचा, आपल्यातलं दुसऱ्याला भरवायची त्याला भारी हौस. त्याला चिमणीपासून दूर, भिंतीशी बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तो बिचारा घास हातात धरून समोर बघत बसायचा, कारण भरवायला जवळ कुणी नव्हतं. मग चिमणीचंही टेबल वेगळं केलं. तिच्यासाठीच केलं, पण तिला ते शिक्षा वाटलं. ती विचारायची, "मी काय केलं?" मला राग-लोभ फारसे नाहीत, पण त्या प्रश्नाने मला वाईट वाटलं. उत्तर माझ्या फटीत होतं.

तिसऱ्या वेळी ती ओकली आणि तिचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. मोठ्या बाई तिला उचलून धावतच डॉक्टरांकडे गेल्या. मावशी ओट्याला धरून उभ्या राहिल्या. गॅसवर पाणी उकळून उकळून आटलं, तरी त्यांना कळलं नाही. एका तासाने निरोप आला की पोरगी ठीक आहे. मग त्यांनी पातेलं घासायला घेतलं आणि ते लख्ख झाल्यावरही घासत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बाबा एकटेच आले.

मोठ्या बाई म्हणाल्या, "आम्ही सगळं करून पाहिलं. आता जबाबदारी घ्यायची माझी हिंमत नाही. तुम्ही दुसरं काहीतरी बघा."

"दुसरं नाहीये," बाबा म्हणाले. मग मावशींकडे वळले. "खरं सांगा. कौतुकाने कधी थोडं चीज, थोडं लोणी? एवढ्याने काय होतंय, असं वाटून?"

मावशींचा चेहरा उतरला. "माझ्यावर संशय?"

"कुणावर घेऊ मग?"

माणसं एकमेकांकडे बघतात. भांड्यांकडे कुणी बघत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी दोघांच्या मधोमध खुंटीला लटकले होते.

"या बसा माझ्यासमोर," मावशी शेवटी म्हणाल्या. "दिवसभर बसा. मी काय करते ते डोळ्यांनी बघा. मग ठरवा."

मंगळवारी बाबा काम बुडवून आले. चिमणीला मोठ्या बाईंजवळ सोडून ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, रंगाचे शिंतोडे उडालेले बूट दाराबाहेर काढून. मावशी कामाला लागल्या. त्यांनी हात धुतले, पाकीट वाचलं, निळा फडका काढला. आपलं काम दुसऱ्याच्या नजरेखाली करणं त्यांना कधी जमलं नव्हतं, तरी हात नेहमीसारखा चालत होता. चीज किसलं, फ्रिजमध्ये गेलं. मला नळाखाली धरलं, दोनदा आपटलं. वेगळं पातेलं घेतलं. गाजर सोललं.

"आधी हिचं करते," त्या बाबांकडे न बघता म्हणाल्या. "रोजच. तिच्या भांड्याला कशाचा हात लागू नये म्हणून."

गाजर माझ्यावर टेकलं.

"थांबा," बाबा म्हणाले.

ते उठले. मावशींच्या हातातून मला घेऊन खिडकीशी गेले आणि मला आतून बघू लागले. आतून मला तोवर कुणीच बघितलं नव्हतं. नखाने त्यांनी जोडाची फट खरवडली. नखावर पिवळट, चिकट, तिळाएवढं काहीतरी आलं.

"आम्ही पांढरा मारायचा असला की ब्रश नवा घेतो," ते सावकाश म्हणाले. "ब्रश कितीही धुवा, मावशी. पहिला हात मळका येतो. दुसऱ्या हाताला नीट येतो. पहिला तर जुन्याच रंगाचा."

मावशी त्यांच्या नखाकडे बघत राहिल्या. मग पातेल्याकडे. मग गाजराकडे. त्यांना सांगावं लागलं नाही.

"पहिलं तिला," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वेळी पहिलं तिला. मीच दिलं." आणि त्या खाली, फरशीवरच बसल्या. मी त्यांना कामाच्या वेळी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी चिमणीचं टेबल परत सगळ्यांत आलं आणि गोट्याही भिंतीपासून सुटला, मात्र कुणालाही भरवायचं नाही या अटीवर. मोठ्या बाई म्हणाल्या, पोरगी इथेच राहील. सगळं मार्गी लागलं असं वाटलं. पण मावशींनी कानाला खडा लावला. "तिचा खाऊ घरून आणा. मी करणार नाही." मोठ्या बाईंनी समजावलं, रागावून पाहिलं. मावशी म्हणाल्या, "पोरांचे कपडे धुते, फरशी पुसते, सांगाल ते करते. तिच्या पोटात जाणारं काही माझ्या हातून नको."

आठ दिवस घरचा डबा आला. केळं तुकडे करून, रताळं उकडून, बाबांना जमेल तसं. चिमणी अर्धं खायची आणि दाराशी येऊन उभी राहायची. "मावशी, टिक्की?" मावशी पाठ फिरवून वाटाणे निवडायच्या. दुधाने तोंड भाजलं की ताकही फुंकून पितात. मावशी तर तिच्या ताटलीपासूनच दूर गेल्या होत्या.

नवव्या दिवशी बाबा एक नवी किसणी घेऊन आले. सपाट, एका पत्र्याची, बिनजोडाची, लाकडी मुठीला हिरवा रंग दिलेली. त्यांनी ती मोठ्या बाईंना दिली नाही. मावशींच्या पुढे ओट्यावर ठेवली.

"माझा हात धजत नाही हो," मावशी म्हणाल्या.

"माझाही धजत नाही. रोज भरलेला डबा दहादा उघडून बघतो. पण पोरीला खायला तर लागतं." त्यांनी किसणी पुढे सरकवली. "त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोललो. इथे बसून पाहिलं आणि कळलं, तिच्यासाठी एवढं जपून घरीही कुणी करत नाही. आमच्याकडून तर फडकासुद्धा वेगळा ठेवला जात नाही. पूर्वीसारखंच करा. सगळ्यांच्या आधी तिचंच करा."

मावशींनी पदराने डोळे पुसले, मग तोच पदर कमरेला खोचला. पाणी तापत ठेवलं. नवी किसणी उकळत्या पाण्यात धुतली, उजेडाला धरली, पुढून, मागून, कडेने. मग गाजर सोललं. पहिल्या टिक्कीचा त्यांनी स्वतः तुकडा मोडून खाल्ला, जणू त्यांच्याच अंगावर गांधी उठणार होत्या.

माझ्या कडीला बाबांनी लाल रंगाचा ठिपका दिला आहे. आता मी फक्त चीज किसते. गाजराचा सरळ स्वभाव आठवतो कधीकधी, पण तक्रार नाही. गुन्हा माझ्या दातांत होता आणि शिक्षा फार हलकी झाली. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल आणि पानावर असं एखादं पोर असेल, तर तिला एकदा खिडकीशी न्या आणि आतून बघा. ती आपणहून सांगणार नाही.

खाऊची वेळ संपली की मावशी दारातून हाक मारायच्या आणि चिमणीची हनुवटी वर करून तोंडाभोवती बघायच्या. रोज, न चुकता. आता हाक मारावी लागत नाही. शेवटचा घास संपला की ती स्वतःच स्वयंपाकघरात येते, खिडकीतून ऊन पडतं तिथे उभी राहते, हनुवटी वर करते आणि डोळे मिटून घेते. मावशी हातातलं काम खाली ठेवतात. वाकून इकडून बघतात, तिकडून बघतात.

"काही नाही," त्या म्हणतात. "जा, खेळ."