न विकलेलं ताक

ताराबाईच्या घरात ताक विकत नसत. दूध विकलं, तूप विकलं, एकदा नड आली तेव्हा म्हैससुद्धा विकली. पण ताक दारात येईल त्याला द्यायचं, असा तिच्या सासूचा दंडक होता. तेलगावपासून कोसभरावरच्या त्या गावात सकाळी रवीचा आवाज थांबला, की गल्लीतल्या बाया तांबे, गडवे, चरव्या घेऊन ओट्याशी येऊन बसायच्या. नवी नवरी होऊन आलेल्या ताराबाईला गावातली माणसं कळली ती ताकाच्या या वेळेत.

सगळ्यांत शेवटी यायची साखराबाई. तिचं घर ऊसतोडीचं. दिवाळी झाली की बिऱ्हाड कारखान्यावर जायचं, ते पाडव्याच्या सुमाराला परत. तेवढे महिने ताराबाईला सकाळ अळणी वाटे. साखराबाई परतली की पहिल्याच दिवशी गोठ्यात शिरे आणि न सांगता भिंतीला गवऱ्या थापायला लागे. ताराबाई काहीतरी निमित्त काढून तिच्याजवळ जाऊन उभी राही. मुकादमाचं मुंडासं बैलानं कसं चघळलं, खोपीत साप निघाला तेव्हा नवरा बायकोच्या आधी कसा पळाला, हे साखराबाई शेणाने भरलेले हात नाचवत सांगे. ताराबाई तोंडाला पदर लावून हसे. त्या घरात तोंडभरून हसायला दुसरी जागा नव्हती.

पुढं सासू गेली, नवरा गेला. आठ वर्षांपूर्वी डेअरीची गाडी गावात येऊ लागली आणि धारेचं दूध सरळ कॅनमध्ये जाऊ लागलं. विरजायला उरेना. गॅस आला, गवऱ्याही कुणाला नको झाल्या. बाया यायच्या थांबल्या, साखराबाईही थांबली. देवळात भेट होई, "बरं हाय का?" "बरं हाय," इतकंच. ताराबाई मात्र अजूनही सकाळी ओट्यावर जाऊन बसे, आणि आपण कशाला बसलो ते कुणाला सांगत नसे.

या उन्हाळ्यात सून रोहिणीनं विजेवर चालणारी रवी आणली आणि थोडं दूध डेअरीला न घालता विरजायला ठेवलं. घरात पुन्हा घुसळण्याचा आवाज आला, तशी ताराबाई उठून बसली. पण रोहिणीनं ताकात मीठ, जिरं, कोथिंबीर घातली, माठ भरला आणि रिक्षात ठेवला.

"कुठं चाललीस गं?"

"फाट्यावर. उन्हाचं लई खपतंय, आत्याबाई."

"ताक इकायलीस? आपल्या घरात इकत न्हाईत. पाप लागतंय."

"कुणाला लागतंय?" रोहिणी हसत म्हणाली. "शेण काढायचं मी, घुसळायचं मी, आन पुण्य घराला! मला एक सांगा, ताक वाटायचं का न्हाई, हे तुमाला तरी कुणी कधी इच्यारलं व्हतं का?"

ताराबाईला खरंच कुणी विचारलं नव्हतं. लुगडं घ्यायचं तरी तिनं आधी सासूच्या तोंडाकडं पाहिलं होतं, मग नवऱ्याच्या आणि आता मुलाच्या. रोहिणीनं मागच्या महिन्यात स्वतःच्या पैशानं चपला घेतल्या, त्या कुणाला दाखवल्याही नाहीत. ताराबाईला तेव्हा त्या चपलांचा हेवाच वाटला होता.

तरीही दुसऱ्या दिवशी मीठ पडायच्या आत तिनं एक चरवी दाट ताक काढून घेतलं, पदराखाली धरलं आणि गावाच्या टोकाला साखराबाईच्या घरी गेली. घरात ताक झालंय, आता ती यायला हवी, एवढंच तिच्या मनात होतं.

साखराबाई अंगणात बाज टाकून कुरडया घालत होती. नात तेजश्री बीडला शिकत होती. तिच्या फोनवर ऑर्डरी यायच्या.

"या, ताराबाई! आज वाट चुकली का?"

"ताक आणलंय तुला."

साखराबाईनं झाकण काढून पाहिलं. "लई दाट हाय की. काल फाट्यावर रोहिणीकडं गिलासभर पेले. पोरीच्या हाताला चव हाय."

"फाट्यावर गेलतीस? आमच्या दारावरनं गेलीस, आन आत आली न्हाईस?"

"आत येऊन काय करू? तिथं पैसे दिले, उभ्याउभ्या पेले, आले."

"मी काय पैसे मागितले असते का? कधी मागितले?"

"न्हाई मागितले." साखराबाईनं हातातला सोऱ्या खाली ठेवला. "पण माझ्या चरवीत येईस्तोवर त्यात पानी किती पडायचं, ते तुमालाबी ठावं हाय आन मलाबी."

ताराबाईला ठाऊक होतंच. भावकीला दाट, गल्लीला मध्यम, आणि शेवटच्याला तांब्याभर पाणी घालून. सासूनं शिकवलं होतं. तांब्या मात्र ताराबाईच्या हातात असे. हे ती विसरली नव्हती. ताकाची आठवण सांगताना तेवढं ती वगळत आली होती.

"मी बोल लावीना तुमाला," साखराबाई म्हणाली. "फुकट घेती असं कुणी म्हनू नये, म्हनून गवऱ्या थापायची. पान्याच्या ताकापायी तुमची भित भरून टाकली."

"आन आपलं ते बोलनं? हसनं? तेबी तसंच व्हतं का?"

साखराबाईनं झाकण परत चरवीवर ठेवलं. "ते खरं व्हतं. हात गुतलेले व्हते, त्वांड तर मोकळं व्हतं." मग पातेल्याकडं पाहून ओरडली, "अगं माय, गव्हाचा चीक निवायलाय! निवला की सोऱ्यातनं उतरत न्हाई, आन माझा खांदा तर कामातनंच गेलाय."

ताराबाईनं चरवी खाली ठेवली, पदर खोचला आणि सोऱ्या हातात घेतला. पहिली कुरडई वेडीवाकडी पडली.

"ही कुरडई हाय का घोरपड? बीडच्या बाया पैसे माघारी मागत्यान!"

ताराबाई हसली. तोंडाला पदर लावायला हात मोकळा नव्हता, त्यामुळं तशीच हसली.

ऊन माथ्यावर आलं तेव्हा बाज भरली. साखराबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि दीडशे रुपये पुढं केले.

"हे काय? मी मजुरीला आले का?"

"मग ती चरवीबी परत न्या."

"साखरे, आपल्यात पैसे?"

"आपल्यात पैसे नव्हते, तवाच तर पानी पडलं."

एवढ्या मोठ्या घरची बाई ऊसतोडीवालीच्या अंगणात मजुरी घेते, हे गावात कळलं तर काय म्हणतील, मुलगा काय म्हणेल, हे सगळं ताराबाईच्या डोक्यात येऊन गेलं. साखराबाईचा हात पुढंच होता. तो मागं गेला असता, तर पुन्हा या अंगणात यायला काही कारण उरणार नव्हतं. ताराबाईनं नोटा घेतल्या. स्वतःच्या मिळकतीचे असे पैसे आजवर तिच्या हातात पडले नव्हते.

"ह्याचं काय करू?"

"मला काय इच्यारता? पैसा तुमचा."

ताराबाईनं नोटा नीट दुमडून कनवटीला लावल्या. "उद्या कितीला येऊ?"

"सातला चीक शिजतो. उशीर केला तर पैसे कापीन." साखराबाईनं चरवीतलं ताक आपल्या पातेल्यात ओतून घेतलं. "आन येताना, तुमी सासूची नक्कल करायच्या ना, ती आठवून या. लई वर्षं झाली बघून."

आपण सासूची नक्कल कधी करत होतो, हे वाटेनं जाताना ताराबाईला काही केल्या आठवेना. साखराबाईला आठवत होतं.