चाक घासू नये म्हणून

"आता उजवीकडे फिरव. पूर्ण," देवमन गाडीखालून म्हणाला.

ललिताने दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढलं. जॅकवर उचललेलं पुढचं चाक हळूहळू वळलं आणि शेवटाला जाऊन थांबलं. देवमनने ते हाताने फिरवून पाहिलं. टायर स्प्रिंगच्या पाट्यांच्या कडेला खर्र खर्र करत घासायला लागला. मधल्या फटीत त्याने बोट घालून बघितलं. बोट गेलं नाही.

"लागते का, बाबा?"

"लागते. जराकसंच लागते. पण डोंगरात रोज लागलं तं महिन्यात टायर खाऊन टाकंन."

तो गाडीखालून बाहेर आला आणि पायजम्याला हात पुसत उकिडवा बसला. वलगावच्या रस्त्यावर, अमरावती संपता संपता, त्याची पत्र्याची शेड होती. मागे दोन खोल्यांचं घर. मे महिन्याचं ऊन शेडच्या पत्र्यावर तापत होतं. ललिता मात्र स्टेअरिंगवरून उतरायला तयार नव्हती. सुट्टीचे चारच दिवस होते आणि तिला ते बापाबरोबर काढायचे होते.

ही पिकअप चिखलदऱ्याकडच्या सरकारी दवाखान्याची होती. ललिता तिथे नर्स होती, वर्षभरापासून. धम्मदीक्षेच्या वर्षी, छप्पन साली, ती मॅट्रिकच्या वर्गात होती. नंतर नागपूरला राहून तिने नर्सिंगचा कोर्स केला. वस्तीतून नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. मेळघाटातल्या गावांत देवीची लस टोचत हिंडायचं, हे तिचं काम. पण पावसाळा लागला की नाल्यातल्या दगडांवर गाडीचं पोट टेकायचं, आणि मग लसीची पेटी घेऊन पायी निघावं लागायचं. एकदा गावात पोचेपर्यंत पेटीतला बर्फच वितळून गेला. ते तिने पत्रात लिहिलं होतं आणि खाली विचारलं होतं, 'बाबा, गाडीला मोठी चाकं बसतात का?'

बसतात, असं देवमनने उलट टपाली कळवलं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी मंजुरी आणली. देवमन स्वतः अकोल्याला गेला. तिथल्या एका व्यापाऱ्याकडे लष्कराच्या लिलावातला माल असायचा. त्यातून त्याने सारखी चार चाकं निवडली आणि लॉरीत त्यांच्याच शेजारी बसून घरी आला. गेले तीन दिवस तो या गाडीपाशी होता. मागच्या बाजूला त्याने एकेक पाटा वाढवला. मडगार्डांच्या कडा ठोकून बाहेर वळवल्या. मग वाळूची पोती भरून, एकेक चाक दगडावर चढवून, कुठे काय घासतं ते पाहिलं. कुठे घासत नव्हतं. राहिलं होतं ते एवढंच, पुढचं चाक पूर्ण वळलं की पाट्याला लागायचं.

"याले इलाज हाये," तो म्हणाला आणि पाना घेऊन पुन्हा आत सरकला.

चाक किती वळावं हे ठरवणारा एक बोल्ट तिथे असतो. त्याला टेकलं की चाक पुढे जात नाही. देवमनने तो बोल्ट काढला, त्याच्या डोक्याखाली जाड वायसर, लोखंडी चकती, घातली आणि पुन्हा आवळला. आता चाक आधीच अडणार होतं. दुसऱ्या बाजूलाही त्याने तसंच केलं.

"फिरव आता."

ललिताने फिरवलं. चाक गरगरलं, आवाज आला नाही. फटीत बोट सहज गेलं.

"नाई लागत!" तीच वरून ओरडली.

गाडीचा ड्रायव्हर गोवर्धन वलगावचाच. बाकावर बसून तो हे सगळं पाहत होता. त्याने पिकअप खाली उतरवली आणि समोरच्या पडीक वावरात एक चक्कर मारून आणली.

"मिस्तरी, हत्तीवानी चालते! पण वळण कमी झालं. पहिले त्या बाभळीभोवती एका दमात फिरत होती. आता एक डाव मागे घ्या लागते."

"मंग घे मागे. मागचा गेअर काय शोभेसाठी देल्ला?"

तिघंही हसले. आई दुर्गाबाई चहा घेऊन आली तेव्हा ललिता अजून हसतच होती.

दुसऱ्या दिवशी ती त्याच गाडीने गेली. गाडी आता उंच झाली होती. दाराची कड धरून चढताना तिची तारांबळ उडाली, आणि खाली उभ्या असलेल्या आईने तिला मागून ढकलून वर बसवलं.

पावसाळ्यात तिची दोन पत्रं आली. 'सेमाडोहच्या पुढेही गाडी गेली. नाल्यात एकदाही अडकली नाही. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वडिलांचे आभार कळवा.' देवमनने पत्र दोनदा वाचलं. दुर्गाबाईने तिसऱ्यांदा वाचून घेतलं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्याचा शिपाई आला. त्याने सायकल कुडाला टेकवली, पण आत येईना. देवमनच बाहेर गेला.

घाटात गाडी खाली दरीत गेली होती. ललिता जागच्या जागी संपली. गोवर्धन बाहेर फेकला जाऊन झाडीत अडकला. त्याचा पाय मोडला होता. परतवाड्याहून तिला आणलं तेव्हा अंगावर पांढरा गणवेश होता आणि त्याच्या एका बाजूला वाळलेला चिखल. दुर्गाबाईने कुणालाच हात लावू दिला नाही. घागरभर पाणी घेऊन बसली, सगळा चिखल धुऊन काढला, मगच तिला उचलू दिलं.

दहा-बारा दिवसांनी दोघं अमरावतीच्या दवाखान्यात गोवर्धनला पाहायला गेले. त्याचा पाय वर टांगलेला होता. त्यांना पाहून त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. तिकडेच पाहत तो बोलला.

"दरड आली, मिस्तरी. आमी सरळ चाललो होतो. मोड अजून आलाच नव्हता. वरून दरड आली अन् गाडी ढकलल्या गेली. माहा काही उपाय चालला नाई."

"तुहा काय दोष, बाप्पा," दुर्गाबाई म्हणाली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. "डोंगरच वरून आला, तं कोण काय करंन?"

घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगू लागली. दरड आली. कोणाचा दोष नाही. हे सांगून झालं की तिला दोन घास जायचे, कधी झोपही लागायची. देवमन ऐकत बसायचा. त्यालाही त्या दरडीचा आधार वाटू लागला होता.

सप्टेंबरात एक लॉरी शेडसमोर थांबली. मागे दोराने बांधलेली पिकअप होती. दुरुस्त होते का बघावी आणि तसं लिहून द्यावं, असा जिल्हा कचेरीचा कागद ड्रायव्हरने पुढे केला. पूर्वी ज्याने काम केलं त्याच्याकडे गाडी पाठवायची, एवढंच कुणीतरी ठरवलं होतं. ती नर्स त्याची कोण होती, हे त्या कागदाला माहीत नव्हतं.

देवमनने सही केली. गाडी शेडच्या मागच्या कोपऱ्यात ढकलायला लावली. दुर्गाबाईच्या नजरेला पडू नये म्हणून ताडपत्री टाकली. दोन दिवस तो तिकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी दुर्गाबाई वस्तीतल्या केशरबाईकडे गेली, तेव्हा त्याने ताडपत्री काढली.

गाडीचा मागचा भाग पार चेपला होता. पुढच्या भागाला मात्र फारसं काही झालं नव्हतं. टपावर एकही दगड पडल्याची खूण नव्हती. ती मागच्या मागे घसरत जाऊन झाडांवर आदळली होती. एक दार उघडत नव्हतं. दुसऱ्याने तो आत चढला आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसला. गेअरच्या दांड्यावर हात ठेवून त्याने तो हलवला. हलला नाही. अडकून बसला होता.

मागच्या गेअरमध्ये.

देवमन तसाच बसून राहिला. काचेतून शेडची भिंत दिसत होती, तिच्यावर खुंट्यांना टांगलेले पाने. बाहेरून एक बैलगाडी गेली, तिचा आवाज दूर जाऊन संपला. तरी त्याचा हात दांड्यावरच होता.

नंतर तो खाली उतरला आणि पुढच्या चाकापाशी आडवा झाला. बोल्ट जागेवर होता. त्याने आवळला होता तसाच घट्ट. खालची जाड वायसर अजून चकचकीत होती.

गाडी वळणावर, त्या मोडावरच होती. पूर्वीसारखी एका दमात वळली नाही. गोवर्धनने ती मागे घेतली, पाऊस चालू होता, आणि मागच्या चाकाखालची कड सुटली. हे सगळं देवमनला गाडीखाली पडल्या पडल्या दिसलं. आपण त्याला काय म्हणालो होतो तेही आठवलं, शब्दन् शब्द. त्याने तोंडावर बाही दाबून धरली.

दुर्गाबाई परत आली तेव्हा तो लोखंडी पहारीने गेअरचा दांडा ठोकत होता.

"काय करून राहिले?" तिने लांबूनच विचारलं.

"काही नाई. अडकला होता."

दांडा मधल्या जागेवर येईपर्यंत तो ठोकत राहिला. त्यानंतर दोन्ही वायसर काढून भंगारात टाकल्या. कागदावर लिहून दिलं, गाडी दुरुस्त होण्याजोगी नाही. पुढच्या आठवड्यात ती लिलावाला गेली.

दिवाळीनंतर गोवर्धन लंगडत हिंडायला लागला. दर रविवारी तो वलगावहून यायचा. पूर्वी तो शेडमधल्या बाकावरच बसायचा आणि, जात वेगळी म्हणून, घरच्या चहा-पाण्याला कधी हात लावायचा नाही. आता दुर्गाबाई त्याला आत बोलवायची आणि तो निमूटपणे आत येऊन जेवायला बसायचा. ती दर वेळी ललिताच्या शेवटच्या दिवसाबद्दल विचारायची. तो दर वेळी सांगायचा. देवमन अशा वेळी काहीतरी काम काढून शेडमध्ये जायचा.

जानेवारीत दवाखान्याला दुसरी पिकअप मिळाली. गोवर्धनचा पाय कामापुरता बरा झाला होता, त्यालाच पुन्हा ड्रायव्हर ठेवलं. एका सकाळी तो ती नवी गाडी घेऊन शेडसमोर आला. मागे चार मोठी चाकं होती. तो खाली उतरून दाराशीच उभा राहिला.

"तेच काम का?" देवमनने विचारलं.

"व्हय. नवीन नर्सबाई आल्या. त्यायले पावसाच्या आधी पाह्यजे." मग मान खाली घालून म्हणाला, "तुमाले नसंन जमत तं मी दुसरीकडे नेतो, मिस्तरी."

"दुसरीकडे काहून?" देवमन म्हणाला. "आण आत."

त्याने सगळं काम पुन्हा केलं. मागे पाटे वाढवले, मडगार्डांच्या कडा वळवल्या, वाळूची पोती भरली. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी गोवर्धन स्टेअरिंगवर बसला आणि देवमनने पुढचं चाक फिरवलं. पूर्ण वळणाला ते पाट्याला लागलं. देवमनने कानस घेऊन पाट्यांच्या कडा गोल केल्या. जुन्या टायरचा एक तुकडा कापून तिथे घट्ट बांधला. दुसरीकडेही बांधला. मग हत्यारं गोळा करून पेटीत ठेवायला सुरुवात केली.

गोवर्धनने स्टेअरिंग फिरवून पाहिलं. तो खाली उतरला, चाकाजवळ वाकला.

"मिस्तरी, अजून लागून राहिलं."

"लागू दे."

"टायर जाईन ना."

"जाऊ दे. दर आठ दिवसांनी पाहत जाय. झिजला दिसला की घेऊन ये, मी बदलून देईन." देवमनने पेटीचं झाकण लावलं. "पण मोडावर एका दमात फिरली पाह्यजे. मागे घ्यायची पाळी नाई आली पाह्यजे."

गोवर्धन चाकाजवळ वाकलेला तसाच राहिला. हळूच त्याने चाकाला हात टेकला आणि खालीच बसला. मोडका पाय त्याला नीट दुमडता येत नव्हता. तो पुढे पसरला.

"तुमाले कवापासून माईत?"

"थे मोडकी गाडी आली तवापासून."

"मी पोलिसाच्या कागदावरबी दरडच लिहून देल्ली, मिस्तरी. तुमचं नाव निघू नाई म्हणून. लय सोचलं मी. मले दुसरं काही सुचलं नाई."

"माईत हाये."

"मी मागे पाहूनच घेत होतो. तुमची आण. पाहूनच घेत होतो."

"माईत हाये, गोवर्धन."

देवमन त्याच्याजवळ आला. त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. गोवर्धन रडत होता. देवमनने आपल्या खांद्यावरचा पंचा त्याला दिला, आणि तो तोंड पुसेपर्यंत दुसरीकडे पाहत उभा राहिला.

घरातून दुर्गाबाईची हाक आली. जेवण तयार झालं होतं.

या वेळी देवमन शेडमध्ये थांबला नाही. तो गोवर्धनबरोबर आत गेला, त्याच्या शेजारी बसला. दुर्गाबाईने दोघांना ज्वारीच्या भाकरी वाढल्या, वरण वाढलं. स्वतः चुलीपाशी बसली.

"सांग ना रे," ती म्हणाली. "त्या दिवशी काय बोलत होती ती?"

गोवर्धनने घास खाली ठेवला.

"पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, काकू. पाऊस भुरभुर होता. आदल्या दिवशी एका म्हातारीनं लस टोचून घेतली अन् यायलेच कोंबडी द्याले लागली, थे सांगत होत्या. लय हसत होत्या."

"हसत होती," दुर्गाबाई म्हणाली. "अन् मंग?"

गोवर्धनने तोंड उघडलं. त्याची नजर ताटात खिळून राहिली. दुर्गाबाई त्याच्याकडे पाहत थांबली होती.

देवमनने पाण्याचा लोटा त्याच्याकडे सरकवला.

"मंग दरड आली," तो म्हणाला. "एकदमच आली. तिले काही समजलंच नाई."